आत्या तेरड्यात, लोक नवरंगामागे

निसर्गभ्रमंती म्हटलं की तुमच्या डोक्यात काय येतं ते मला माहितीय. डोंगर, धुकं, दरी, दरीच्या काठावर एकटाच विचार करत बसलेला माणूस, आणि शेवटी त्याला आयुष्याबद्दल कायतरी कळतं. तर आधीच सांगतो, असलं काही नाहीये. डोंगर आहे, पण तो शीवचा किल्ला. पायथ्याशी कोणाचा फोन घेतलात तर वर पोचेपर्यंत समोरच्याचं 'बाकी काय मग' सुद्धा येत नाही. दरीच्या जागी बाग आहे आणि त्या बागेत पहाटेपासून हात वर करून जोरजोरात हसणारी रिटायर्ड मंडळी आहेत. विचार करणारा माणूस पण नाही. मी होतो, पण मी विचार केला असता तर लिहायला काही उरलंच नसतं.

एक दुर्मिळ पक्षी मात्र आहे. पंधरा जणांनी त्याला कानांनी ऐकलं, एका काकांनी डोळ्यांनी बघितलं. तो पक्षी म्हणजे मी.

मी कणकवलीचा. शाळा तिथलीच. शाळेत मार्क कमी आणि आवाज जास्त. हेडमास्तरांचं खाकरणं, एसटीचा गिअर, आईचा मिक्सर, शेजाऱ्यांची म्हैस, सगळं तोंडातून निघायचं. आमचा वर्ग खिडकीकडचा आणि खिडकीबाहेर काजूची झाडं, त्यामुळे पक्षी फुकटात शिकून झाले. भारद्वाज तर दोन दिवसांत जमला, कारण फळ्यावरचं गणित अडलं की आमचे सर पण तसंच खोल हुं हुं हुं करायचे. पुढे नोकरी लागली परळच्या एका ऑफिसात आणि राहायला लालबागला आत्याकडे. चाळीत माझं काम एकच, लोकांना त्यांचेच आवाज ऐकवणं. लोक हसायचे, ज्याचा आवाज तो सोडून.

मॅडम भेटल्या एका बारशाला. बाळ रडत होतं म्हणून मी पाळण्याजवळ दयाळ पक्ष्याची शीळ काढली. बाळ गप्प. मागून आवाज आला, "शेवट चुकला. दयाळ शेवटाला खाली उतरतो, तू वरच सोडून दिलास." वळून बघतो तर पांढरे केस, कॉटनची साडी, पायात ट्रेकिंगचे बूट. बारशाला. मॅडम शिवाजी पार्कला राहतात, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून रिटायर झाल्यात आणि आता ओळखीच्या लोकांना झाडं-पक्षी दाखवत फिरवतात. श्रावण संपता संपता फुलं उघडली की सीझनचा पहिला वॉक शीवच्या किल्ल्यावर. मला त्यांनी तिथेच, बारशाच्या घुगऱ्या खाता खाता, असिस्टंट करून टाकलं.

कामाचं स्वरूप सोपं होतं. पायथ्याशी मी चार-पाच पक्ष्यांचे आवाज काढायचे, म्हणजे लोकांचे कान तयार होतात. वर गेल्यावर तोंड बंद.

"वर तुझा आवाज ऐकला ना, तर खरे पक्षी गोंधळतात. त्यांची घरं असतात तिथे," मॅडम म्हणाल्या. "आणि दुसरा नियम सगळ्यांना. काही तोडायचं नाही. पडलेलं फूल पण उचलायचं नाही."

"पडलेलं का नाही?"

"कारण तुझ्या खिशात त्याचं काही काम नाही."

आता आत्या. आत्याच्या सासरी गणपती आणि गौर एक वर्ष आत्याच्या खोलीत, एक वर्ष समोरच्या खोलीत, म्हणजे तिच्या मोठ्या जावेकडे. आमच्या कोकणात गौर म्हणजे तेरडा. जंगलातनं मुळासकट तेरड्याची रोपं आणायची, जुडी बांधायची, वर मुखवटा, खाली साडी. मुळं म्हणजे गौरीची पावलं. ती तुटली तर चालत नाही. मागच्या पाळीला आत्याने बाजारातनं तेरडा आणला होता. गौर सकाळी बसली आणि दुपारच्या जेवणाला मान टाकली. पानं गळून पार भिजलेल्या फडक्यासारखी. जाऊबाई हळदीकुंकवाला आल्या, गौरीकडे बघितलं आणि अख्ख्या चाळीसमोर म्हणाल्या, "गौरीक हयसर बरा वाटणा नाय वाटता."

बास, एवढं एक वाक्य. आत्याने ते दोन वर्षं सांभाळून ठेवलं होतं. आणि यंदा पाळी परत तिची होती.

वॉकच्या आठवड्यात मॅडमनी ग्रुपवर फोटो टाकला, किल्ल्याच्या भिंतीखाली गुलाबी फुलांचा पट्टा. मी चहा पीत बघत होतो. आत्याने मागून हात घालून फोनच काढून घेतला.

"ह्यो तेरडो मां? खंय गावलो ह्यो?"

"शीवला. पण आत्या, तिकडे तोडू देत नाहीत."

"मग त्या बाईंक विचार तरी."

"काय विचारू? त्या पडलेलं फूल उचलू देत नाहीत, तुला मुळासकट पाहिजे. विचारलं तर नाहीच म्हणतील आणि मग आपल्यावर लक्ष ठेवतील. त्यापेक्षा तू वॉकला चल. बाकी माझ्यावर सोड."

शहाण्या माणसाने या वाक्यावर घराबाहेर पडू नये. पण आत्याच्या कानात दोन वर्षं जाऊबाई वाजत होत्या.

त्या वर्षी शनिवारी गणपती बसले, रविवारी वॉक, मंगळवारी गौर. मॅडमनी रविवार मुद्दाम धरला होता. म्हणाल्या, अख्खी मुंबई लायनीत उभी असते, किल्ला आपल्याला मोकळा. आत्याने घरातल्या पाहुण्यांना चहा-पोहे कुठे ठेवलेत ते सांगितलं, गणपतीला नमस्कार केला आणि भल्या पहाटे टॅक्सीत बसली. पायात माझे जुने बूट, हातात भाजीची पिशवी. पिशवीत ओला टॉवेल आणि उलथणं.

"उलथणं कशाला?"

"हातानं उपटला तर मूळ तुटता. माका शिकवू नको."

गेटवर पंधरा जण जमले होते. त्यातले दादरचे एक काका सांगायलाच हवेत. त्यांच्या जॅकेटला इतके खिसे होते की त्यांनी चष्मा शोधायला घेतला तेव्हा मॅडमचं प्रास्ताविक सुरू झालं आणि सापडला तेव्हा संपलं होतं. गळ्यात दुर्बीण अशी, की तिच्यातनं कुर्ल्याच्या लोकांचा नाश्ता दिसावा. गेली कित्येक वर्षं काका नवरंगाच्या मागे होते. नवरंग म्हणजे जमिनीवर पाचोळ्यात नाचणारा, अंगावर नऊ रंग असलेला पक्षी. मुंबईत येतो, पण काका जातील तिथून एक दिवस आधी गेलेला असतो.

"ही माझी आत्या," मी मॅडमना सांगितलं. "निसर्गाची फार आवड."

मॅडमनी आत्याच्या पिशवीकडे बघितलं. "छान. पाणी आहे ना?"

"आहे," आत्या म्हणाली. ओल्या टॉवेलात थोडंफार असेल.

मी पायथ्याशी आवाज काढले. शिंपी, बुलबुल, तांबट, भारद्वाज. टाळ्या पडल्या. तिकडच्या हसणाऱ्या मंडळींनी पण हसणं थांबवून ऐकलं. मग तोंडाला कुलूप लावून आम्ही पायऱ्या चढायला लागलो.

इथपर्यंत प्लॅन माझ्या हातात होता. पुढे आत्या वनस्पतिशास्त्रात शिरली.

मॅडम केन्याची निळी फुलं दाखवत होत्या, वाकून, हळू आवाजात. "ही फुलं सकाळीच उघडतात. दुपारी मिटतात. पाकळ्या मोजा." लोक वाकले. मागून आत्या म्हणाली, "ह्याची भजी होतात." पुढे कुर्डू आला, गुलाबी-पांढऱ्या तुऱ्यांचा. मॅडम म्हणाल्या, यावर फुलपाखरं येतात. आत्या म्हणाली, कोवळा असताना भाजी, लसूण घालून. टाकळ्याजवळ तर मॅडमनी तोंड उघडायच्या आत दोन बायकांनी वळून आत्यालाच विचारलं, "याचं काय करतात हो?" आत्याने टाकळ्याच्या भाजीत चण्याची डाळ कधी घालायची ते सांगितलं. आघाड्यापर्यंत पोचलो तेव्हा निम्मा वॉक आत्याच्या मागे होता आणि एक बाई फोनमध्ये रेसिपी टाइप करत होती.

मी आत्याचा हात दाबला. "तू गपचूप चालणार होतीस ना."

"त्येंनी विचारल्यानी. नको सांगू?"

मॅडमनी एकदा चष्म्यावरून बघितलं. वनस्पतिशास्त्रात ते नापास करण्याआधीचं बघणं असावं.

वरच्या भिंतीचा कोपरा वळलो आणि समोर तेरडा. खरंच सांगतो, चेष्टा बाजूला. काळी ओली भिंत, तिच्या पायाशी सगळं गुलाबी, आणि प्रत्येक फुलाला मागे एक बारीक शेपटी. आत्याने पदर डोक्यावरून घेतला. मग मला कोपर मारलं.

मी मागे राहिलो, भिंतीच्या दुसऱ्या बाजूने उतारावर गेलो आणि करवंदीच्या जाळीमागे बसलो. कुठला आवाज काढायचा हे मी आधीच ठरवलं होतं. बुलबुलसाठी कोण जागचं हलणार? असा पक्षी पाहिजे की लोक आपापली आत्या विसरतील. नवरंगाची शीळ दोन सुरांची. पहिला वर, दुसरा खाली. मी ओठ ओले केले आणि काढली.

परत काढली.

"नवरंग," काका म्हणाले. एवढ्या हळू, देवळात बोलावं तसं. आणि मग पंधराच्या पंधरा माणसं उतारावरून खाली आली. हळू यायचा प्रयत्न होता, पण चिखल होता. एक जण बसूनच आला. काका सगळ्यात पुढे, दुर्बीण डोळ्यांना लावूनच, त्यामुळे पायाखालचं सोडून सगळं दिसत होतं. त्यांचा एक बूट चिखलात राहिला आणि ते मोज्यावरच पुढे आले.

आता मला थांबता येईना. मी गप्प बसलो तर ते वर जाणार आणि वर आत्या उलथणं घेऊन बसलेली. म्हणून मी रांगत दुसऱ्या जाळीमागे गेलो, शीळ काढली, तिसऱ्या जाळीमागे गेलो, शीळ काढली. मागे कुजबुज चालू.

"दोन आहेत बहुतेक."

"जोडी आहे, जोडी."

"दिसला," काका म्हणाले. मी स्वतःकडे बघितलं. मी खाकी पॅन्ट आणि काळा टीशर्ट घातला होता. "तो बघा, बुंध्याशी. पोटाखाली लाल. पंखावर निळा पट्टा."

"नऊ रंग दिसले का काका?"

"सात. दोन पानाआड आहेत."

आता मला हसू यायला लागलं, आणि हसू दाबत शिट्टी वाजवणं फार अवघड. त्यात तोंड उघडं, त्यात सप्टेंबरची सकाळ. एक डास सरळ घशात. मी शिळेचा पहिला सूर वर नेला आणि दुसऱ्या सुराला नवरंग खोकला. चांगला, कफ असल्यासारखा, तीनदा.

मग काकांचा आवाज आला, "हा अलार्म कॉल असतो. आपल्याला बघितलंन त्याने."

माझ्या खांद्यावर बोट टेकलं. मागे मॅडम उभ्या होत्या, हातात पाण्याची बाटली.

"पाणी पी," त्या म्हणाल्या.

मी प्यायलो.

"नवरंग सप्टेंबरात असा गळा काढत नाही. ती शीळ पावसाच्या तोंडाला, जोडीदार शोधताना. आता तो गुपचूप परत निघालेला असतो." त्यांनी बाटली परत घेतली. "तू कोणाला शोधत होतास?"

माझं उत्तर वर भिंतीखाली बसलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा आत्याने ओल्या टॉवेलवर पाच रोपं निजवली होती, मुळांची माती पण न झटकता, आणि उलथणं साडीला पुसत होती. मॅडमना बघून तिने उलथणं पाठीमागे नेलं. ते फारच लांब उलथणं होतं. घावणे उलटायचं.

"हे काय?"

"गौर," आत्या म्हणाली.

"परत लावा सगळी."

"बाई, मंगळवारी येतेय ती. आमच्याकडे पाच लागतात."

"नियम सांगितला होता मी. एकही नाही."

"बरं, चार द्या."

"ही काय मंडई आहे का?"

तोवर बाकीचे चिखलाने माखून वर आले होते आणि गोल करून उभे राहिले. आत्याला आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तिने सगळं सांगितलं. बाजारातला तेरडा, दुपारी टाकलेली मान, चाळीसमोरचं ते वाक्य. जाऊबाईंच्या आवाजात सांगितलं. माझा हा गुण कुठून आला ते मला तेव्हा कळलं. मॅडम ऐकत होत्या. मग त्यांनी चष्मा काढून पुसला.

"जाऊ मोठी की धाकटी?"

"मोठी."

"हं," मॅडम म्हणाल्या. थोडा वेळ त्या शीवकडे न बघता शिवाजी पार्काच्या दिशेला कुठेतरी बघत होत्या. "माझी पण मोठीच."

सौदा तीनवर पटला. तीन का, तर आत्या म्हणाली सम आकडा नको, आणि मॅडम म्हणाल्या पाच होणार नाहीत. त्यात मॅडमनी रोपं स्वतः बदलून दिली. पायवाटेच्या कडेची तीन दाखवली, "ही घ्या, ही बाजू गवत कापणारे पुढच्या आठवड्यात साफच करतात. मला विचारलं असतंत तर कालच सांगितलं असतं." आत्याने माझ्याकडे बघितलं. मी गवताकडे.

भिंतीखालची पाच परत लावायची शिक्षा मला. गुडघ्यावर बसून, उलथण्याने खड्डे करत. एका बाजूला आत्या, दुसऱ्या बाजूला मॅडम. "खोल कर अजून." "मूळ दुमडू नको, सरळ सोड." "माती दाब, थापटू नको, ती भाकरी नाही." दोघी एका सुरात, आणि त्यातली एक आमच्या घरातली होती.

मग मॅडमनी सगळ्यांना सांगून टाकलं की नवरंग नव्हताच, हा होता. मी खड्ड्यातून हात वर केला. लोक आधी माझ्याकडे आणि मग आपापल्या कपड्यांकडे बघायला लागले. बसून आलेला माणूस अजून मागून ओला होता. काका मात्र शांत.

"याने काढला असेल आवाज," काका म्हणाले. "पण मी बघितला तो वेगळा."

मॅडमनी दिसलेल्या पक्ष्यांच्या वहीत नवरंग काही लिहिला नाही.

मंगळवारी गौर बसली. तिनाचीच जुडी, त्यामुळे साडी आत जरा दुमडून पिना लावाव्या लागल्या. संध्याकाळी आरतीला जाऊबाई आल्या. तेरडा ताठ, फुलं तशीच गुलाबी. त्यांनी एक पान दोन बोटांत धरून चोळून बघितलं, प्लास्टिकचं आहे का ते.

"बारीक दिसता यंदा गौर," त्या म्हणाल्या.

"बारीक आसा," आत्या म्हणाली. "पण उभी आसा."

एवढं बोलून ती निरांजनात तूप घालायला वळली, पण मला तिचा चेहरा दिसला. दोन वर्षांचं सगळं वसूल.

दुसऱ्या दिवशी, घावण-घाटल्याच्या नैवेद्याच्या वेळेला, लालबागची गर्दी कापत मॅडम पण आल्या. ट्रेकिंगचे बूट दाराशी काढले, गौरीपुढे बसून मुळं नीट बघितली आणि आत्याला म्हणाल्या, "छान उपटलीत." मग दोघी स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ जावांबद्दल बोलल्या. मी दाराशी कान लावला, पण माझं नाव निघालं म्हणून सरकलो.

त्या गेल्यावर आत्या तव्यापुढून उठली आणि सुरू झाली. मला वाटलं होतं, गौर उभी राहिली, माझं निदान कौतुक तरी होईल.

"शाणो झालंस मेल्या? त्या बाईंका विचार म्हणान तुका सांगलंय का नाय सांगलंय? विचारूक तोंड दुखला तुझा, शिटी मारूक नाय दुखला? पंधरा माणसां चिखलात. एकजण बसान इलो. त्या म्हाताऱ्याचो बूट गेलो. आणि मी ह्या वयात उलथणा घेऊन चोरासारखी भिंतीखाली. गौर चोरून हाडूची असता? बाई चांगली म्हणान गप रवली, नायतर माका थंयच घाम फुटलो होतो. येत्या रविवारी त्या बाईंकडे जायचा. त्या म्हाताऱ्याक बूट घेऊन द्यायचे. आणि त्येनी विचारलान, नवरंग खरो होतो काय, तर दात काढूचे नाय. होय म्हणायचा. ऐकतंस काय? आणि ता काय करतंस तोंडाचा, माझोच आवाज काढतंस?"